कटाडिनला जाताना हिशेब शेवटून मांडावा

तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकाला शेवटच्या दिवसाची चिंता नसते. पाऊस आला तर एखाद्या वस्तीवर ओसरी मिळते, पाय सुजले तर एक मुक्काम वाढतो, आणि दिवसभर उशीर झाला तरी दर्शन चुकत नाही. कष्ट वाटेत होऊन जातात आणि शेवट सोपा असतो, हे आपल्याकडच्या पायी चालणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले असते. अमेरिकेतील ॲपलेचियन ट्रेलच्या उत्तर टोकाला असलेल्या कटाडिन डोंगराकडे निघालेला मराठवाड्यातील माणूसही नकळत तोच हिशेब धरतो आणि तेथे फसतो. या वाटेवरची सर्वांत मोठी सलग चढण शेवटच्याच दिवशी येते, त्या दिवशी डोंगर चढण्यासाठी खुला असेल की नाही हे त्या सकाळी कळते, आणि शिखर गाठल्यावर तितकेच अंतर पुन्हा पायी उतरावे लागते. म्हणून या प्रवासाची आखणी शेवटच्या दिवसापासून मागे मागे करत यावी, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे. पुढचा सगळा तपशील त्याच्याच अनुषंगाने येतो.

ॲपलेचियन ट्रेल ही जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातील कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी, सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची पायवाट आहे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली. एका दमात ती पूर्ण करण्यास बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात, आणि त्या हेतूने निघालेल्या चौघांपैकी साधारण एकच टोकाला पोहोचतो. पर्यटक व्हिसावर एका वेळी सहसा सहा महिन्यांपर्यंतच राहू देतात. त्यामुळे भारतातून प्रथमच जाणाऱ्याने संपूर्ण वाटेचा विचार बाजूला ठेवून मॉन्सन या गावापासून कटाडिनच्या शिखरापर्यंतचे शेवटचे सुमारे १८५ किलोमीटर निवडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांपैकी पहिल्या सुमारे १६० किलोमीटरांना ‘हंड्रेड माइल वाइल्डरनेस’, म्हणजे शंभर मैलांचे रान, असे म्हणतात. या पट्ट्यात वाटेवर एकही गाव किंवा दुकान लागत नाही. पायी वारी केलेल्या माणसाला हे अंतर मोठे वाटणार नाही. परंतु वारीत गावोगावी पंगत असते आणि सामान ट्रकमध्ये असते, तर येथे घर आणि स्वयंपाकघर दोन्ही पाठीवर असतात.

तारखा ठरवताना

भारतातून जाणाऱ्यास ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा आहे. मे आणि जून महिन्यांत तेथे चावणाऱ्या काळ्या माशा आणि डास यांचा उपद्रव असह्य असतो आणि नद्यांना पाणीही जास्त असते. सप्टेंबरच्या अखेरीस झाडे लाल-पिवळी होतात, ते दृश्य सुंदर असते; पण शिखरावर तेव्हा बर्फ पडू शकतो. डोंगर ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे, तेथील मुक्कामाची सोय १५ ऑक्टोबरला संपते. संपूर्ण वाट चालणाऱ्यांचे सगळे वेळापत्रक या एका तारखेभोवती फिरत असते.

आता उलटा हिशेब कसा मांडावा ते उदाहरणाने पाहू. समजा आपले परतीचे विमान बॉस्टनहून २० सप्टेंबरला आहे. १९ तारीख बॉस्टनला पोहोचण्यासाठी आणि १८ तारीख डोंगराजवळच्या गावातून बँगर शहराला येण्यासाठी धरावी. १६ आणि १७ हे दोन दिवस पूर्ण राखीव ठेवावेत आणि त्यांना कोणतेही काम लावू नये. म्हणजे शिखराचा दिवस १५ तारखेला येतो, त्याच्या आदल्या दिवशी, १४ ला, रान संपते तेथील एबोल पुलापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालायचे असते, आणि १३ च्या संध्याकाळी एबोल पुलावर पोहोचायचे असते. रानाला दहा दिवस धरले तर ४ सप्टेंबरच्या सकाळी मॉन्सन सोडावे लागते. बँगरहून मॉन्सनला जाण्यासाठी सार्वजनिक वाहनाचा भरवसा धरू नये. ज्या वसतिगृहात उतरायचे त्याच्या चालकाशी गाडीचे आधीच ठरवावे.

राखीव दिवसांबद्दल माझा आग्रह पुस्तकी नाही. मी पायथ्याशी पोहोचलो त्या रात्री वारा सुटला आणि सकाळी सात वाजता रेंजरने लावलेल्या हवामानाच्या फलकावर वरची वाट बंद असल्याचे लिहिले होते. मी एक दिवस गावात बसून काढला आणि त्यानंतरच्या दिवशी चढलो. माझ्याबरोबर तो फलक वाचणाऱ्या एका तरुणाचे विमान दुसऱ्याच दिवशी होते. त्याने बराच वेळ वर ढगांकडे पाहिले, मग पिशवी उचलली आणि तो गाडीच्या रस्त्याला लागला.

मराठवाड्यात करायची तयारी

कटाडिनच्या बॅक्स्टर शिखराची उंची सुमारे १,६०६ मीटर आहे. फुटांत मोजली तर ती एका मैलाला जेमतेम १२-१३ फूट कमी पडते. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याहून ४० मीटर उंच. हा आकडा वाचून निश्चिंत होणारे बरेच भेटतात. परंतु कटाडिन सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे कळसूबाईवर जेथे गवत आणि झुडपे असतात त्या उंचीवर तेथे झाडे केव्हाच संपलेली असतात आणि उघड्या दगडांवर थेट वारा लागतो. पायथा ते शिखर ही चढाई सुमारे १,२७० मीटरांची आहे. देवगिरीचा डोंगर जवळपास २०० मीटरांचा आहे असे धरले, तर एका दिवसात तो सहा वेळा चढून सहा वेळा उतरण्याएवढे हे काम आहे, आणि तेही पायऱ्यांशिवाय.

निघण्यापूर्वी किमान चार महिने सराव करावा. लातूर, धाराशिव, परभणीच्या सपाट भागात राहणाऱ्यांसमोर पहिला प्रश्न चढाचा असतो. मी स्वतः येडशीजवळच्या रामलिंग परिसरात आणि मांजरसुंबा-कपिलधार भागातील बालाघाटाच्या उतारांवर चढ-उताराच्या फेऱ्या मारल्या. छत्रपती संभाजीनगरकडच्यांना खुलताबादहून म्हैसमाळचा चढ आणि गौताळा अभयारण्याचा परिसर हाताशी आहे. गौताळ्यात वन विभागाच्या परवानगीवाचून रात्री राहता येत नाही, हे लक्षात ठेवावे. सुरुवातीला पाठीवर पाच किलो, मग आठ आणि शेवटच्या महिन्यात बारा-तेरा किलो वजन घेऊन चालावे. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात, कारण उतरण्यापूर्वी पाणी ओतून देऊन गुडघे वाचवता येतात. आठवड्यातून दोन वेळा लागोपाठ दोन दिवस चालण्याचा सराव अवश्य करावा. पहिल्या दिवशी बारा किलोमीटर सगळेच चालतात, दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना जे कळते तेच खरे.

उन्हाळ्यात हा सराव पहाटे साडेचार ते आठ या वेळेतच करावा. आपल्याकडच्या उन्हात तयार झालेले शरीर थंडीला तयार झालेले नसते, हे मात्र विसरू नये. मेनमध्ये सप्टेंबरमध्ये दिवसभर रिमझिम पाऊस, अंगात ओले कपडे आणि अंगावर वारा, असा योग आला की थंडीने शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. त्यासाठी सुती कपडा एकही नेऊ नये. लवकर वाळणारे दोन जोड, लोकरीची टोपी, हातमोजे, पावसाचा कोट आणि फक्त झोपताना घालायचा एक कोरडा जोड पुरेसा आहे. तो कोरडा जोड कितीही मोह झाला तरी दिवसा अंगावर चढवू नये.

सामान, शिधा आणि विमानतळ

स्वयंपाकाच्या गॅसची डबी विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही. ती तेथेच घ्यावी. चालण्याच्या काठ्या चेक-इन सामानात आणि पॉवर बँक हातातील पिशवीत ठेवावी. सॅटेलाइटद्वारे संदेश पाठवणारे यंत्र या रानात अत्यंत उपयोगी आहे, कारण मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. पण असे यंत्र भारतात विनापरवाना बाळगणे बेकायदा आहे आणि आपल्या विमानतळांवर त्यावरून परदेशी प्रवासीही अडचणीत आले आहेत. म्हणून ते अमेरिकेतच भाड्याने घ्यावे. आरोग्य विमा काढताना डोंगर चालणे त्यात समाविष्ट आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

शिध्याच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. शेंगदाण्याची चटणी, सातूचे पीठ, मेतकूट, गूळ-शेंगदाणे आणि भाजलेल्या पोह्यांचा चिवडा हे पदार्थ हलके, टिकाऊ आणि ताकद देणारे आहेत, आणि सातूला तर चूलही लागत नाही. अमेरिकेत उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तसेच ताजी फळे घरीच ठेवावीत. धपाटे विमानप्रवासापुरतेच घ्यावेत. उरलेला शिधा, म्हणजे ओट्स, नूडल्स, सुका मेवा, पीनट बटर, हा तेथील दुकानात घ्यावा. दिवसाला सुमारे ७०० ते ८०० ग्रॅम कोरडा शिधा धरला तर दहा दिवसांचे सात-आठ किलो होतात. रानाच्या तोंडाशी लावलेला फलकच किमान दहा दिवसांचा शिधा जवळ असल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे बजावतो. मॉन्सनमध्ये पैसे घेऊन अर्ध्या वाटेवर शिध्याची बादली पोहोचवणारे लोक आहेत. नवख्याने ही सोय घ्यावी, त्यात कमीपणा नाही. चार किलोचा भार उतरल्याने गुडघ्यांचे पुढचे पाच दिवस सुखाचे जातात.

शंभर मैलांचे रान

वाटेवरील खूण म्हणजे झाडांवर आणि दगडांवर रंगवलेला पांढरा उभा पट्टा, साधारण पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. दोन पट्टे एकावर एक असतील तर पुढे वळण आहे असे समजावे, आणि निळा पट्टा दिसला तर ती पाण्याकडे, निवाऱ्याकडे किंवा एखाद्या कड्याकडे जाणारी बाजूची वाट असते. दहा मिनिटे पांढरा पट्टा दिसला नाही तर पुढे जाऊ नये, शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे यावे. प्रातर्विधीसाठी वाटेपासून दूर जातानाही पिशवी वाटेवर दिसेल अशी ठेवावी आणि परतण्याची दिशा लक्षात घेऊनच आत शिरावे, कारण हे रान दाट आहे आणि वीस पावलांवरून वाट दिसत नाही.

पहिले पन्नास किलोमीटर सर्वांत कठीण आहेत. बॅरन-चेअरबॅक या डोंगररांगेत लहान लहान शिखरे एकामागून एक येतात, त्यांची उंची फारशी नसते पण प्रत्येक वेळी पूर्ण उतरून पुन्हा चढावे लागते. वाट मातीची नसते. ती झाडांची मुळे, ओले दगड, चिखल आणि दलदलीवर टाकलेल्या लाकडी फळ्या यांची असते, आणि पावसात या फळ्या तेल लावल्यासारख्या निसरड्या होतात. आपल्याकडे ताशी पाच किलोमीटर चालणाऱ्याने येथे ताशी दोन धरावेत आणि पहिले चार दिवस बारा किलोमीटरांवर समाधान मानावे. व्हाइट कॅप हा या रानातील सर्वांत उंच डोंगर, सुमारे १,११४ मीटर, मागे पडला की वाट तलावांच्या काठाने बरीच सपाट जाते, आणि मग वीस-बावीस किलोमीटरही जड जात नाहीत. आकाश निरभ्र असेल तर व्हाइट कॅपवरून उत्तरेकडे कटाडिन प्रथम दिसतो. तो तेथून अजून शंभर किलोमीटरांहून अधिक चालीवर असतो.

नद्या ओलांडणे ही आपल्या लोकांसाठी खरी अडचण आहे. बिग विल्सन, लाँग पॉण्ड स्ट्रीम, प्लेझंट नदीचा पश्चिम फाटा अशा अनेक प्रवाहांवर पूल नाही आणि पाण्यातूनच चालत जावे लागते. एरवी पाणी गुडघ्यापर्यंत असते, परंतु जोराचा पाऊस झाला की काही तासांत ते कमरेच्या वर जाते. नदीकाठी पोहोचल्यावर प्रथम थांबून पात्र पाहावे. जेथे प्रवाह रुंद आणि पसरट आहे तेथे तो उथळ असतो, जेथे तो अरुंद आणि शांत दिसतो तेथे तो खोल असण्याचा संभव जास्त. पिशवीचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडावा, म्हणजे पडल्यास पिशवी अंगावेगळी करता येते. अनवाणी उतरू नये. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवून, दोन्ही काठ्या रोवून, एका वेळी एकच पाय किंवा काठी हलवत आडवे सरकत जावे. पाणी गढूळ आणि मांडीच्या वर असेल तर काठावरच तंबू ठोकावा, कारण हे प्रवाह जसे लवकर चढतात तसे लवकर उतरतातही, आणि सकाळी पाणी बहुधा कमी झालेले असते. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये हे आपल्याकडे दर पावसाळ्यात सांगावे लागते आणि दर पावसाळ्यात कोणी तरी घालतोच. ती खोड येथे आणू नये.

येथील पाण्याबद्दल थोडे विषयांतर करतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकराला या तलावांच्या काठी पहिले दोन दिवस काही सुचत नाही. जिकडे पाहावे तिकडे पाणी, आणि त्यावर कोणाचा टँकर नाही, कोणाची रांग नाही. मी एका तलावाकाठी कारण नसताना तासभर बसून होतो. तरीही ते गाळल्याशिवाय पिऊ नये. दिसायला आरशासारख्या पाण्यातही पोटाचा दीर्घ आजार देणारे जिआर्डियासारखे जंतू असतात. गाळणी आणि तिला पर्याय म्हणून गोळ्या दोन्ही जवळ असाव्यात.

प्राण्यांचे भय बाळगण्याचे कारण फारसे नाही. काळे अस्वल माणसापासून दूर राहते, मात्र अन्न रात्री तंबूत न ठेवता उंच फांदीला दोरीने टांगावे. मूस हा घोड्याहून मोठा हरिणवर्गीय प्राणी दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नये. खरा त्रास गोचिडांचा आहे, कारण त्यांच्यापासून लाइम रोग होतो. रोज संध्याकाळी गुडघ्यांच्या मागे, काखेत आणि केसांत नीट तपासावे.

एबोल पूल, परवाना आणि आदली रात्र

रान संपते तेथे पेनॉब्स्कॉट नदीच्या पश्चिम फाट्यावर एबोल पूल आहे. पुलावरून कटाडिन समोर उभा दिसतो, जवळ एक दुकान आणि तंबू लावण्याची जागा आहे. बरेच जण येथे भरपेट खाऊन त्याच उत्साहात पुढे निघतात. तसे करू नये. पायथ्याचा कटाडिन स्ट्रीम हा तळ येथून सुमारे १६ किलोमीटर आहे, आणि त्या वाटेवर नायगारा नाव धारण करणारे दोन लहान धबधबे आणि डेसी पॉण्ड हा तलाव लागतो. हे अंतर दिवसभरात सावकाश कापावे, कारण पुढच्या दिवसासाठी पाय ताजे हवेत.

पुलापलीकडे थोड्याच अंतरावर बॅक्स्टर स्टेट पार्कची हद्द सुरू होते आणि तेथून पुढे नियम वेगळे आहेत. त्यांचे कारण समजल्यास ते जाचक वाटत नाहीत. पर्सिव्हल बॅक्स्टर हे १९२१ ते १९२५ या काळात मेनचे गव्हर्नर होते. हा डोंगर सरकारने घ्यावा असा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला, तेव्हा १९३० मध्ये त्यांनी कटाडिनसह सुमारे ६,००० एकर जमीन स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि ती राज्याला दान केली. पुढे १९६२ पर्यंत ते जमिनी घेत आणि देत राहिले आणि दानाचा आकडा दोन लाख एकरांच्या वर गेला. अट एकच होती की हा प्रदेश कायम रानच राहावा. त्यामुळे येथे वीज नाही, नळाचे पाणी नाही, दुकान नाही, कुत्रा आणता येत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी मद्य पिता येत नाही. २०१५ मध्ये संपूर्ण वाट विक्रमी वेळेत धावणाऱ्या एका नामांकित धावपटूने शिखरावर शॅम्पेनची बाटली उघडली, तेव्हा त्यालाही दंड झाला.

दूरचे अंतर चालून येणाऱ्या प्रत्येकाला उद्यानाचा विनामूल्य परवाना स्वतः जाऊन घ्यावा लागतो. तो मॉन्सनमधील ट्रेलच्या माहिती केंद्रात किंवा पायथ्याच्या रेंजर ठाण्यावर मिळतो. मॉन्सनमध्येच घेतलेला बरा. मुक्कामासाठी कटाडिन स्ट्रीमजवळ ‘द बर्चेस’ नावाची जागा आहे. सलग शंभर मैल किंवा अधिक चालून आलेल्यांनाच ती मिळते, एका रात्रीसाठी आणि फक्त १२ जणांना. तिची नोंद एबोल पुलाच्या पुढील माहिती फलकापाशी ठेवलेल्या वहीत, येईल त्याला आधी या पद्धतीने होते, म्हणून तेथून सकाळी लवकर निघावे आणि शुल्कासाठी रोख डॉलर जवळ ठेवावेत. जागा भरली असेल तर आत कोठेही तंबू ठोकता येत नाही. अशा वेळी पुलाजवळ आणखी एक रात्र काढावी लागते, आणि राखीव दिवसांचा उपयोग येथूनच सुरू होतो. उद्यानातील इतर जागा चार महिने आधीपासून आरक्षित होतात. शुल्क आणि नियमांत बदल होत असल्याने निघण्यापूर्वी उद्यानाच्या कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी.

शिखराचा दिवस

शिखरावर जाणाऱ्या वाटेचे येथील नाव हंट ट्रेल. जाण्याचे अंतर ८.४ किलोमीटर, येण्याचे तेवढेच, आणि दोन्ही मिळून आठ ते बारा तास धरावे लागतात. सप्टेंबरच्या मध्यास सूर्य संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्यामुळे पहाटे साडेपाच-सहाला चालू लागणे इष्ट, मात्र हवा संशयास्पद असेल तर सातचा फलक वाचूनच निघावे. मोठी पिशवी रेंजर ठाण्याच्या ओसरीवर ठेवता येते आणि दिवसापुरती छोटी पिशवी तेथे उसनी मिळते. त्या पिशवीत दोन-तीन लिटर पाणी, दिवसभराचे खाणे, पावसाचा कोट, गरम थर, टोपी, हातमोजे आणि चालू स्थितीतील हेडलॅम्प असावा. सुरुवातीच्या नोंदवहीत नाव आणि निघण्याची वेळ लिहावी, परतल्यावर तेथेच परतीची वेळ लिहावी.

पहिले दोन किलोमीटर ओढ्याच्या काठाने जातात आणि कटाडिन स्ट्रीमचा धबधबा लागतो. त्यानंतर जंगलातील खडी चढण आहे. झाडे हळूहळू खुजी होत जातात आणि एका वळणावर संपतातच. पुढे घराएवढ्या दगडांची चढण सुरू होते. येथे काठ्या गुंडाळून पिशवीला बांधाव्यात, कारण दोन्ही हात लागतात. दोन-तीन ठिकाणी दगडात लोखंडी कांब्या बसवलेल्या आहेत. कळसूबाईच्या शिड्यांची सवय असलेल्याला त्या पाहून हायसे वाटते, पण शिडीला पायऱ्या असतात आणि येथे दोन कांब्यांमधील अंतर आपल्या उंचीचा विचार करून ठरवलेले नाही. बुटक्या माणसाने घाई न करता आधी गुडघा टेकवावा, मग पाय. लाज वाटून घेऊ नये. मी चारही अवयव वापरले.

ही दगडांची धार ‘गेटवे’ नावाच्या माथ्यावर संपते आणि पुढे ‘टेबललँड’ हे विस्तीर्ण पठार लागते. निर्णय घेण्याची जागा ही आहे. येथपर्यंत पोहोचताना दुपारचा एक वाजला असेल, ढग शिखरावर उतरले असतील किंवा वाऱ्यामुळे तोल सांभाळून उभे राहणे कठीण होत असेल, तर येथूनच मागे फिरावे. पुढचा भाग सोपा दिसतो आणि शिखर नजरेसमोर असते, त्यामुळे फिरणे मनाला फार जड जाते. पण पठारावर निवारा नाही आणि धुक्यात दगडांच्या खुणा दिसत नाहीत. १९३९ च्या जुलैमध्ये डॉन फेंडलर नावाचा १२ वर्षांचा मुलगा शिखराजवळच्या धुक्यात सोबत्यांपासून तुटला आणि नऊ दिवसांनी, रानात बराच दूर, जिवंत सापडला. तो जुलै होता. आपण सप्टेंबरमध्ये आहोत.

पठारावर दगडांवरच पाऊल टाकावे. दगडांमधील उशीसारखी दिसणारी रोपटी उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातली आहेत, ती वाढायला अनेक वर्षे घेतात, आणि कटाडिन आर्क्टिक नावाचे फुलपाखरू तर या डोंगराखेरीज जगात कोठेही आढळत नाही. थोरो झऱ्यापासून शिखर १.६ किलोमीटर राहते. झऱ्यावर पाण्यासाठी विसंबू नये, कोरड्या दिवसांत तो आटतो.

शिखरावर दगडांचा ढीग आणि तो प्रसिद्ध लाकडी फलक आहे. तेथे बहुधा चार-सहा जण असतातच, आणि त्यांतील काही जण जॉर्जियापासून सहा महिने चालत आलेले असतात. कोणी फलकाला मिठी मारून रडत असतो, कोणी गप्प बसलेला असतो. आपण मॉन्सनपासून चालत आलो आहोत, हे त्या क्षणी लक्षात असू द्यावे. वाखरीला वारीत सामील झालेल्याने पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर चालत आलेल्याला आधी वाट द्यावी, तसा हा प्रकार आहे. त्यांचा फोटो काढून द्यावा, आपला नंतर काढावा. पेनॉब्स्कॉट लोकांच्या भाषेत कटाडिन म्हणजे सर्वांत थोर डोंगर, आणि त्यांच्यासाठी तो पवित्र आहे. तेथे गुलाल उधळणे, अगरबत्ती लावणे, झेंडा रोवून येणे यांतील काहीही करू नये. गडावर पोहोचल्यावर घोषणा देण्याची आपली सवयही आवरावी. साठीतल्या वाचकांसाठी एवढे सांगतो की एमा गेटवुड या १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी संपूर्ण वाट एकट्याने चालून याच फलकापाशी पोहोचल्या होत्या.

उतरणे

शिखरावर अर्धा तास पुरे. मन वर गेलेले असते आणि पाय थकलेले असतात, त्यामुळे मुरगळणे आणि पडणे मुख्यतः उतरतानाच घडते. दगडांच्या धारेवर पाठ दरीकडे आणि तोंड डोंगराकडे करून, शिडी उतरतो तसे उतरावे. पिशवी पायथ्याला ठेवलेली असल्याने हंट ट्रेलनेच परतणे सरळ आहे. एबोल ट्रेल जवळची असली तरी ती अतिशय उभी आणि सुट्या दगडांची आहे, आणि तिने उतरल्यास मूळ तळापर्यंत रस्त्याने आणखी चालावे लागते. नाइफ एज ही अरुंद धार फोटोत मोहक दिसते. पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नये. येथे अपघात झाल्यास रेंजर मदतीला येतात, पण जखमी माणसाला हातांनी उचलून खाली आणण्यास कित्येक तास लागतात.

पायथ्याहून मिलिनॉकेट या गावापर्यंत बस नाही. शिखराच्या दिवसासाठी गाडी आधीच सांगून ठेवावी, आणि वेळ संध्याकाळी सहानंतरची द्यावी, म्हणजे गाडी चुकेल या भीतीने दगडांवरून पळावे लागत नाही. गावात एक रात्र विश्रांती घेऊन जवळच्या मेडवेहून बँगरची बस धरावी. ती दिवसाला एकच असते, म्हणून वेळ आदल्या दिवशीच फोन करून विचारून घ्यावी. बॉस्टनला पोहोचल्यावर सॅटेलाइट यंत्र भाड्याच्या दुकानात परत करून पावती घ्यावी, उरलेली गॅसची डबी एखाद्या ट्रेकरला द्यावी आणि सामान बांधण्यापूर्वी पिशवीचा प्रत्येक कप्पा एकदा पुन्हा उलटा करून पाहावा.